गायकाच्या माइकमधले ड्रम: एकाच सभागृहात वाजवलेल्या बँडचा तोल

लातूरच्या एका हौशी बँडने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्रमसेट, बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार, संबळ आणि गायक अशा पाच जणांनी एका मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या सभागृहात, आठ इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसवर, एकाच वेळी वाजवून एक गाणे रेकॉर्ड केले. किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) एक, स्नेअरला (कडक आवाजाच्या मुख्य ड्रमला) एक, ड्रमसेटच्या वर दोन, संबळाला एक, गिटारच्या अँपला एक आणि गायकाला एक असे माइक होते. बेस थेट वायरने घेतला. प्रत्येक ट्रॅक सुटा ऐकला तर बरा वाटतो, पण सगळे एकत्र लावले की सिंबल (ड्रमसेटच्या धातूच्या थाळ्या) सगळीकडे पसरतात, स्नेअर विहिरीतून आल्यासारखा लांब जातो आणि गायकाचा फेडर (ट्रॅकची पातळी ठरवणारी पट्टी) वर नेला की त्याच्याबरोबर सिंबलही वर येतात. कोणत्या वाद्याला किती ईक्यू द्यावा (म्हणजे कोणता स्वरपट्टा किती कमी-जास्त करावा) याचे आकडे त्यांना हवे आहेत, आणि एवढे करूनही जमले नाही तर ड्रम सोडून ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) घ्यावा का, असेही त्यांनी विचारले आहे. सोबत सभागृहाचा फोटो, प्रोजेक्टचा स्क्रीनशॉट आणि कच्चा मिक्स जोडला आहे.

आकडे मी पुढे देतोच, पण ते या प्रश्नाचे खरे उत्तर नाहीत. तुमच्या तक्रारीतले तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे: गायक वर नेला की सिंबल वर येतात. याचा अर्थ गायकाचा माइक तुमच्या प्रकल्पात ड्रमचाही माइक झालेला आहे आणि तुम्ही मात्र त्याला फक्त गायनाचा ट्रॅक समजून मिक्स करत आहात. एका सभागृहात सगळे एकत्र वाजवतात तेव्हा प्रत्येक उघडा माइक ड्रम ऐकत असतो. कोणता किती ऐकतो एवढाच फरक असतो. सुटे ट्रॅक ऐकून केलेला ईक्यू म्हणूनच एकत्र लावल्यावर टिकत नाही. तुम्ही स्नेअरचा ट्रॅक सुधारता, पण श्रोत्याला ऐकू येणारा स्नेअर त्या ट्रॅकमधून थोडा, वरच्या दोन माइकमधून बराच, आणि संबळाच्या व गायकाच्या माइकमधून उरलेला असा मिळून तयार झालेला असतो.

किती सुधारणा शक्य आहे, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला कच्च्या मिक्सवरून पूर्णपणे कळत नाहीत. गायक माइकपासून किती लांब उभा होता, गाताना त्याच्या कानावर आवाज हेडफोनने जात होता की मॉनिटर स्पीकरने, आणि ड्रमर हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची सिंबलची जोडी) किती उघडी ठेवून वाजवत होता, या तीन गोष्टींनी उत्तर बरेच बदलते. फोटोवरून एवढे मात्र स्पष्ट दिसते की तुम्ही स्टेजवर उभे राहतात तसे उभे होता, म्हणजे गायक पुढे, ड्रमर त्याच्या मागे आणि दोघांचीही तोंडे एकाच दिशेला. प्रेक्षकांसाठी ही मांडणी बरोबर आहे. रेकॉर्डिंगसाठी तिच्याइतकी गैरसोयीची मांडणी शोधून सापडणार नाही, कारण गायकाच्या माइकचे तोंड गायकाकडे असते आणि गायकाच्या मागे, त्याच रेषेत, ड्रमसेट असतो.

गायनासाठी आपल्याकडे वापरतात ते बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे असतात. असा माइक समोरून सर्वांत जास्त आणि बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड माइकची सर्वांत बहिरी जागा पाठीमागे नसून समोरच्या अक्षापासून साधारण 125 अंशांवर, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंना तिरकी असते. माइक खरेदी करताना हा फरक फारसा कोणी सांगत नाही, पण एकत्र रेकॉर्डिंगमध्ये तो कोणत्याही प्लगइनपेक्षा मोलाचा ठरतो. पुढच्या वेळी गायकाला ड्रमरकडे तोंड करून उभे करा, म्हणजे माइकची पाठ ड्रमकडे जाईल. पत्र्यावरून आणि भिंतीवरून परतणारा आवाज गायकाच्या पाठीमागून माइकच्या तोंडात शिरू नये यासाठी गायकाच्या मागे दोरीवर दोन-तीन जाड वाकळी टांगा. गायक ओठ माइकच्या जाळीपासून चार बोटांवर ठेवून गायला तर आणखी फायदा होतो, कारण मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि लांबच्या ड्रमचा आवाज जवळपास तेवढाच राहतो.

आता हातात असलेल्या रेकॉर्डिंगकडे येऊ. स्क्रीनशॉटमध्ये मास्टर ट्रॅकवर लिमिटर लावलेला दिसतो. तो सर्वांत आधी काढा. लिमिटर प्रत्येक उंच टोक खाली दाबतो, आणि तुमच्या गाण्यातली उंच टोके म्हणजे प्रामुख्याने स्नेअर आणि किक. ती दाबली गेली की त्यांच्या मागे घोळणारे सिंबल आणि सभागृहाचा नाद तुलनेने पुढे येतात. तुमचा स्नेअर लांब गेला आहे त्यात या लिमिटरचा वाटा बराच असावा. त्यानंतर सर्व फेडर खाली आणून नव्याने सुरुवात करा.

बहुतेक जण किकपासून सुरुवात करतात, मग स्नेअर, मग टॉम आणि शेवटी गायक आणतात. प्रत्येक वाद्य वेगळे घेतलेले असेल तर त्यात काही वावगे नाही. तुमच्या बाबतीत मी ड्रमसेटच्या वरचे दोन माइक आणि गायकाचा माइक असे तीनच ट्रॅक आधी उघडेन, कारण सगळ्यांत जास्त मिसळलेला आवाज याच तिघांत आहे आणि तो नंतर वेगळा काढता येणार नाही. गायक स्पष्ट कळेल इतका ठेवा आणि वरचे माइक हळूहळू वर आणा. एका टप्प्यावर सिंबल पुरेसे झाले असे वाटेल. तिथेच थांबा, मग स्नेअर आणि किक कितीही अपुरे वाटोत. ती भर जवळच्या माइकने करायची आहे. वरच्या माइकचा 300 हर्ट्झखालचा सगळा भाग कापून टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तसे केले की स्नेअरचे अंग, जे साधारण 180 ते 250 हर्ट्झमध्ये असते, निघून जाते आणि त्या माइकमध्ये निव्वळ सिंबल उरतात. मी 60 ते 80 हर्ट्झच्या वर कापत नाही.

यानंतर स्नेअरचा जवळचा माइक आणा आणि इथे दोन मिनिटे थांबून फेज, म्हणजे दोन माइकमधल्या लाटा जुळतात की नाही, ते तपासा. आवाज एका सेकंदात साधारण 345 मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतराला सुमारे 2.9 मिलिसेकंद लागतात. स्नेअरचा ठोका जवळच्या माइकला आधी आणि वरच्या माइकला तीनेक मिलिसेकंदांनी नंतर मिळतो. या उशिरामुळे दोन्ही ट्रॅक एकत्र येताना काही स्वरपट्टे वाढतात, काही एकमेकांना खाऊन टाकतात. स्नेअर वाढवला आणि तो जाड होण्याऐवजी पातळ झाला, तर त्या ट्रॅकचे पोलॅरिटीचे (लाट उलटी करणारे) बटण दाबून पाहा. ज्या स्थितीत खालचे अंग भरते ती ठेवा. किकसाठीही हेच करा, आणि संबळाच्या माइकसाठी तर आवर्जून, कारण फोटोत संबळ ड्रमच्या अगदी शेजारी आहे. ट्रॅक मागेपुढे सरकवून लाटा जुळवण्याचा मोह होतो. स्नेअरपुरता तो उपाय चालतो, पण सरकवलेला माइक बाकीच्या वाद्यांच्या बाबतीत नवे अंतर निर्माण करतो, म्हणून मी पोलॅरिटीवर काम भागले तर पुढे जात नाही.

स्नेअर आणि किकला आता ईक्यू देता येईल. स्नेअरला 200 हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल आणि टणक टोक हवे असेल तर 4 ते 5 किलोहर्ट्झला थोडे द्या, पण त्या जवळच्या माइकमध्ये हाय-हॅट किती आली आहे ते आधी ऐका, कारण वरचा पट्टा उचलला की तीही उचलली जाते. अशा वेळी स्नेअरच्या ट्रॅकवर गेट (ठोक्यांच्या मधला हळू आवाज दाबणारे साधन) लावून मग ईक्यू द्यावा, आणि गेटने ट्रॅक पूर्ण बंद करण्याऐवजी दहा-बारा डेसिबलच खाली न्यावा. किकचे पोट 60 हर्ट्झच्या आसपास, खोक्यासारखा पोकळ आवाज 300 ते 400 हर्ट्झमध्ये आणि बीटरचा (किकच्या पेडलवरच्या दांड्याचा) ठोका 3 ते 4 किलोहर्ट्झमध्ये सापडतो. मधला भाग चांगला चार-पाच डेसिबल कमी केला तरी चालतो. बीटरचा ठोका मात्र ठेवाच, कारण मोबाइलचा स्पीकर 60 हर्ट्झ वाजवूच शकत नाही आणि तुमचे गाणे बहुतेक लोक मोबाइलवरच ऐकणार आहेत.

गायकाच्या ट्रॅकवर सर्वाधिक काळजी लागेल. तुम्ही त्यावर बराच कॉम्प्रेसर लावला आहे. कॉम्प्रेसर गायनाची उंच टोके 6 डेसिबलने दाबतो आणि तुम्ही तेवढीच पातळी परत वाढवता, तेव्हा दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेतले ड्रम 6 डेसिबलने वर येतात. सिंबल श्वास घेतल्यासारखे वरखाली होत आहेत ते यामुळेच. त्याऐवजी गायनाची पातळी शब्दागणिक हाताने समान करा. काम कंटाळवाणे आहे, एका गाण्याला अख्खी दुपार जाऊ शकते, पण त्याला पर्याय नाही. त्यानंतर दोन-तीन डेसिबल दाबेल इतकाच कॉम्प्रेसर पुरतो. ओळींच्या मध्ये ट्रॅक बंद करू नका, सहा ते आठ डेसिबल खाली न्या. पूर्ण बंद केल्यास प्रत्येक ओळीच्या शेवटी ड्रमचा पोत अचानक बदलतो आणि ते अप्रशिक्षित कानालाही खटकते. गायन उजळ करण्यासाठी गायकाचा वरचा पट्टा उचलण्याऐवजी वरच्या दोन माइकमधून 3 ते 4 किलोहर्ट्झचा भाग दोन डेसिबल काढा. शब्द तेवढ्याने मोकळे होतात आणि सिंबल वाढत नाहीत.

म्हणजे इथपर्यंतचा क्रम असा झाला: लिमिटर काढणे, वरचे माइक व गायक एकत्र बसवणे, मग फेज पाहत स्नेअर, किक आणि संबळ त्यात मिसळणे, आणि गायनाची पातळी हाताने सांभाळणे. गिटारबद्दल फार सांगण्यासारखे नाही. 100 हर्ट्झखालचे कापा आणि ती एका बाजूला न्या. गिटारवादक स्वतःच्या अँपचा आवाज खोलीत वाढवत गेला असेल तर मात्र तो दोष मिक्समध्ये निघणार नाही.

संबळाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ड्रमसेटबरोबर संबळ ठेवण्याची तुमची कल्पना मला आवडली आणि गाण्यातली सर्वांत मोठी अडचणही तिथेच आहे. आपल्याकडे गोंधळात संबळाबरोबर तुणतुणे आणि झांज असते. तिथे खालचा सगळा पट्टा संबळाच्या मोठ्या भांड्याला मोकळा मिळतो आणि काठीचा टणत्कारही कोणाशी भांडत नाही. तुमच्या गाण्यात मोठ्या भांड्याची घुमारी किक आणि बेस यांच्या अंगावर येते, आणि लहान भांड्यावरची काठी स्नेअरच्या जागेत शिरते. बेसची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची असते, पण तिचे ऐकू येणारे बळ 80 ते 160 हर्ट्झमध्ये असते, आणि संबळाला तोच भाग हवा असतो. ईक्यूने तिघांना जागा वाटून देता येतील, पण ती तडजोड झाली. खरी वाटणी वादनातच व्हायला हवी. कडव्यात संबळ बोलतो तेव्हा ड्रमरने फक्त किक आणि बंद हाय-हॅट ठेवावी, स्नेअर काठावर वाजवावा. ध्रुवपदाला सगळे उघडावे. सध्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हे हवे असेल तर कडव्यांपुरता स्नेअरचा जवळचा माइक खाली आणा, बेसमध्ये 100 ते 120 हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबलची खाच करा आणि संबळ हाय-हॅटच्या विरुद्ध बाजूला न्या. आणखी एक गोष्ट म्हणजे संबळाचे चामडे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते ताणले जाऊन चढते आणि पावसाळ्यात उतरते, तर ड्रमसेटच्या प्लॅस्टिकच्या पडद्यांवर हवेचा असा परिणाम फारसा होत नाही. टेक सुरू करण्याआधी आणि पंखे बंद करून बराच वेळ गेल्यावर पुन्हा, दोन्ही ऐकून जुळवून घ्यावे.

पुन्हा रेकॉर्ड करणार असाल तर पहिला फेडर ड्रमरच्या हातात आहे, हे त्याला प्रेमाने सांगा. नवशिके ड्रमर स्नेअर भीत भीत आणि सिंबल त्वेषाने वाजवतात. रेकॉर्डिंगला नेमके उलटे हवे. अर्धी उघडी हाय-हॅट एकटी अख्खे गाणे व्यापू शकते. बारीक काठ्या द्या, सिंबल थोडे वर उचला आणि खोलीत उभे राहून, एकही माइक न लावता, तुमच्या कानांना स्नेअर सिंबलपेक्षा मोठा ऐकू येईपर्यंत वाजवून घ्या. कानांना जो तोल ऐकू येत नाही तो वरच्या माइकमध्येही येणार नाही.

त्या दोन माइकसाठी इंग्लिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तुमच्या सभागृहात उपयोगी पडेल. एक माइक स्नेअरच्या वर साधारण एक मीटरवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाहेरच्या बाजूला, त्याच्या थोडा वर आणि हाय-हॅटच्या दिशेने तोंड करून. स्नेअरच्या मध्यापासून दोन्हींचे अंतर सारखे असावे, म्हणजे स्नेअरचा ठोका दोघांना एकाच क्षणी मिळतो. मोजायला सुतळीचा तुकडा पुरतो. माइक ड्रमच्या जवळ राहतात म्हणून पत्र्याचा नादही कमी येतो. वेगवेगळ्या वाद्यांच्या माइकमधले अंतर, प्रत्येक माइकच्या त्याच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवावे हा जुना नियमही पाळा. संबळ ड्रमपासून हलवला तर तो सहज पाळता येईल.

सभागृहाच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा आणि बाजूला गिलाव्याच्या समोरासमोर भिंती असल्यावर टाळी वाजवली की फडफडल्यासारखा नाद येतो. सतरंज्या, मंडपाची कापडे आणि वाकळी यांनी हा वरचा नाद चांगला कमी होतो. खालचा घुमारा त्यांनी हटत नाही, कारण 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते आणि पातळ कापड तिला जाणवतही नाही. मंगल कार्यालयातल्या गाद्या मिळाल्या तर त्या कोपऱ्यांत एकावर एक जाड थप्पी करून लावा. पातळीबाबत एवढेच की रेकॉर्डिंग 24 बिटमध्ये करा आणि सर्वांत मोठा ठोका उणे 12 ते उणे 10 डेसिबलपर्यंत जाईल इतकाच गेन ठेवा.

मिक्स करताना आवाज हळू ठेवण्याची सवय लावा. कमी आवाजात मानवी कान खालचे स्वर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 सालीच मोजून दाखवले होते, म्हणून किक आणि बेसचा अंदाज थोडा मोठ्या आवाजात एकदा तपासावा; पण गायक आणि स्नेअर यांचा परस्पर तोल हळू आवाजातच नेमका कळतो. सगळे मोनो करूनही ऐका, कारण लग्नातल्या डीजेच्या स्पीकरवर डावे-उजवे बहुधा एकच असते.

ऑक्टापॅडचे म्हणाल तर त्याने माइकमधली मिसळण थांबेल हे खरे, आणि ज्या बँडला घरातच गाणे करायचे आहे त्याला तो योग्यही आहे. तुमच्या ड्रमरचा हात मात्र पॅडवर हरवेल असे मला वाटते. हाय-हॅट उघडताना आणि मिटताना तो जे करतो ते कच्च्या मिक्समध्येही कळते. त्यामुळे मी ड्रमसेट ठेवेन आणि गायन नंतर वेगळे घेईन. सध्याच्या टेकमधले ड्रम, बेस आणि संबळ ठेवण्याजोगे आहेत. गायकाला ते हेडफोनवर ऐकवून छोट्या खोलीत, गाद्यांच्या आडोशाला पुन्हा गाऊ द्या आणि जुना गायनाचा ट्रॅक पूर्ण काढून टाका. वरच्या माइकमध्ये त्याचे जुने गाणे पुसट उरलेले असेल. गाताना मॉनिटर स्पीकर नसेल तर ते ड्रमखाली झाकले जाईल. असेल तर दोन कडव्यांच्या मधल्या शांत जागी जुना आणि नवा असे दोन आवाज ऐकू येतील, आणि तेवढ्या जागा ड्रमरकडून पुन्हा वाजवून घ्याव्या लागतील.